शेजारच्या संयुगाचा निवाडा

बाझल, सप्टेंबर १९३९. युद्धाला तोंड फुटून काही दिवसच झालेत आणि तुम्ही गायगी कंपनीच्या प्रयोगशाळेत पॉल म्युलर यांच्या मागे उभे आहात. इथे येताना तुम्ही एक अट मान्य केली आहे. आजच्या तारखेनंतर जगाला जे जे कळलं, ते सगळं दाराबाहेर ठेवायचं. या शहरातल्या एखाद्या बऱ्या रसायनतज्ज्ञाला आज सकाळी जेवढं ठाऊक असेल, तेवढंच तुम्हाला ठाऊक आहे.

समोर काचेची पेटी आहे, आत माश्या. म्युलर चार वर्षं एकामागून एक पदार्थ या पेटीत फवारून पाहताहेत. साडेतीनशेच्या आसपास झाले असतील. किडीनं खाल्ला नाही तरी नुसत्या स्पर्शानं तिला मारील आणि फवारल्यावर बराच काळ टिकेल, असा पदार्थ त्यांना हवा आहे. आजच्या पांढऱ्या पुडीनं माश्या लगेच पडत नाहीत. थोड्या वेळानं त्यांचे पाय थरथरू लागतात, मग त्या उताण्या होतात. पेटी धुऊन नव्या माश्या सोडल्या तरी त्याही मरतात, कारण काचेला चिकटून राहिलेला कणभर अंशही त्यांना पुरतो.

ही पूड म्युलरनी पहिल्यांदा बनवलेली नाही. ओथमार झायडलर या विद्यार्थ्यानं १८७४ साली स्ट्रासबर्गमध्ये, अडॉल्फ फॉन बायर यांच्या प्रयोगशाळेत, ती तयार करून तिची कृती छापली होती. पुढची पासष्ट वर्षं ती कृती ग्रंथालयात पडून राहिली. संयुग जुनंच असल्यानं त्यावर हक्क मागता येणार नव्हता. म्हणून मार्च १९४०मध्ये स्वित्झर्लंडमध्ये अर्ज गेला तो कीडनाशक म्हणून. या पुडीला पुढे सगळं जग डीडीटी म्हणणार आहे.

आता सांगा, ही पूड किडी मारील हे उघड होतं का?

उत्तर देण्याआधी क्षणभर अट मोडून पुढच्या काळातली एक गोष्ट तुमच्या कानावर घालतो. डीडीटीच्या रेणूतून हायड्रोजन आणि क्लोरीनचा एकेक अणू काढून घेतला की डीडीई उरतं. कागदावर दोन्ही आकृत्या शेजारी ठेवल्या तर फरक शोधावा लागतो, पण डीडीईनं माशीला जवळपास काहीच होत नाही. डीडीटीला न जुमानणाऱ्या माश्यांच्या शरीरातलं विकर नेमकं हेच करतं, तेवढे दोन अणू काढून टाकतं आणि माशी वाचते. उलट डीडीटीच्या वलयांवरचे दोन क्लोरीन काढून तिथे मेथॉक्सी गट बसवला, म्हणजे दिसायला मोठा बदल केला, तर मेथॉक्सिक्लोर मिळतं आणि तेही कीटकनाशक म्हणून चालतं. कागदावरचं अंतर आणि किडीच्या शरीरातलं अंतर ही दोन वेगळी अंतरं आहेत.

हे ऐकताच तुमच्या मनात काही तरी सरकलं असेल. आता तुम्हाला डीडीटीच्या आकृतीत 'कारण' दिसू लागलं आहे. म्युलर जिथे पोचले तिथे कुणीही पोचलं असतं, असं वाटू लागलं आहे. पेटंटच्या न्यायात यासारखा धोका दुसरा नाही. उत्तर कळलेल्या माणसाला प्रश्न नेहमीच सोपा वाटतो, म्हणून कायदा निवाडा करणाऱ्याला मागच्या तारखेला जाऊन उभं राहायला सांगतो. तुम्हीही हा प्रवास त्यासाठीच करता आहात. बाझलमधल्या त्या खोलीत प्रामाणिकपणे उभे राहाल तर उत्तर एकच येतं. उघड नव्हतं.

तिथून वॉशिंग्टनला या, मार्च १९६३मध्ये. इथलं प्रकरण औषधाचं आहे, किडीचं नाही, पण ते वगळून पुढे जाता येत नाही. सर्ल या कंपनीच्या पापेश नावाच्या संशोधकानं एका संयुगावर हक्क मागितला आहे. तीन जागी मिथाइल गट असलेलं संयुग आधीच माहीत होतं. यांच्याकडे त्याच तीन जागी इथाइल आहेत. पेटंट कार्यालय म्हणतं की एकेक कार्बन वाढवणं हे कुठल्याही रसायनतज्ज्ञाला सुचेल, सबब नकार. अर्जदारानं प्रयोगाचे आकडे दिले होते. नव्या संयुगानं सूज उतरते, जुन्यानं उतरत नाही. न्यायमूर्ती जाइल्स रिच यांनी निकाल अर्जदाराच्या बाजूनं दिला. १९५२च्या अमेरिकी पेटंट कायद्याचा मसुदा ज्यांनी लिहिला त्यांपैकी रिच एक. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की संयुग आणि त्याचे गुणधर्म वेगळे काढता येत नाहीत. सूत्र ही ओळख पटवण्याची खूण आहे. हक्क खुणेवर नसतो, ती जिच्याकडे बोट दाखवते त्या वस्तूवर असतो. आणि वस्तूची तुलना करायची तर तिच्या सगळ्या गुणांसकट करायला हवी.

मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. मात्र तो अर्धवट वाचला तर घात होतो, आणि कसा ते कळायला तुम्हाला सोळा वर्षं पुढे जावं लागेल.

१९७९. तेच न्यायालय, आणि आता प्रकरण थेट कीटकनाशकांचं आहे. पेन आणि त्यांचे दोन सहकारी हे युनियन कार्बाइडचे संशोधक आहेत. पण कोर्टात बसण्याआधी तुम्हाला प्रयोगशाळेत जायचंय, अर्जाच्या आधीच्या एखाद्या सकाळी. तिथे तुम्ही प्रतिभावंत शास्त्रज्ञ नाही. कायद्यानं कल्पिलेला तो मध्यम कुशल माणूस तुम्ही आहात. छापलेलं सगळं वाचलेला, हाताला सवय असलेला, अचाट काही न सुचणारा.

तुमच्या टेबलावर कार्बामेट वर्गातली संयुगं आहेत. ही कशी मारतात ते तुम्हाला पाठ आहे. किडीच्या मज्जातंतूत निरोप पोचवून झाला की ॲसिटिलकोलिन हा पदार्थ मोडून टाकावा लागतो, आणि ते काम एक विकर करतं. कार्बामेट त्या विकराला जाऊन चिकटतो आणि त्याचं काम थांबवतो. मग निरोप थांबतच नाही, कीड थरथरून मरते. रेणूचा जो भाग विकराला चिकटतो तो सगळीकडे सारखाच, मिथाइल कार्बामॉइल. बदलत जातो तो त्याच्या मागचा भाग, आणि विकराच्या खाचेत रेणू किती नीट बसेल ते त्यावर ठरतं. या कुळातलं एक नाव तुम्ही महाराष्ट्रातल्या शेतात ऐकलेलं असेल. मेथोमिल, म्हणजे लॅनेट. डबा उघडताच येणारा गंधकाचा उग्र वास ज्यांनी घेतलाय ते तो विसरत नाहीत.

आता समोरच्या दोन आकृत्या पाहा. दोन्हींत एक वलय आहे आणि वलयात गंधकाचे दोन अणू. एका आकृतीत त्या दोन गंधकांच्या मध्ये एक कार्बन आहे, दुसरीत तीन. दोन्ही छापून आलेल्या आहेत आणि दोन्ही कीटकनाशक म्हणून. तुमच्या वरिष्ठांनी सांगितलंय, याच कुळातलं नवं कीटकनाशक शोधा.

तुम्ही काय बनवाल?

मध्ये दोन कार्बन असलेलं. दुसरं काही डोक्यात यायच्या आधी हे येईल. ते चालेलच अशी खात्री तुम्हाला नाही. पण ते चालावं अशी अपेक्षा बाळगायला पुरेसं कारण आहे, आणि बनवायची पद्धतही हाताशी आहे. पेन आणि सहकाऱ्यांनी हक्क मागितला होता तो याच दोन कार्बनांच्या वलयावर.

मग कोर्टात या. कंपनीचा युक्तिवाद लक्ष देऊन ऐकण्यासारखा आहे. नवी आणि जुनी संयुगं खऱ्या अर्थानं समजातीय श्रेणीतली नाहीत, एकमेकांची समघटकंही नाहीत. मग जुन्या निकालांमधला नियम इथे का लावायचा? न्यायालयाचं उत्तर असं, की संयुगांना कुठलं लेबल लागतं त्यावर गोष्ट अडत नाही. रचना आणि गुणधर्म दोन्हींत एवढं साम्य आहे की नवी कीटकनाशकं शोधणारा कुशल माणूस या संयुगांकडे वळलाच असता. नकार कायम राहिला.

आता पापेश आणि पेन हे दोन निकाल एकत्र वाचा. कित्येकांना त्यांत विरोध दिसतो, मला दिसत नाही. साम्य दिसलं की प्रश्न उभा राहतो, एवढंच दोन्ही निकाल सांगतात. त्या प्रश्नाचं उत्तर आकृतीतून मिळत नाही, ते किडीकडून घ्यावं लागतं. मिळालेलं उत्तर शेजारच्या संयुगावरून वाटलं होतं त्यापेक्षा वेगळं निघालं, तर आकृत्या कितीही सारख्या असोत, शोध खरा. वाटलं होतं तेच निघालं, तर तो मेहनतीचा माल आहे, शोध नाही. मेहनतीचा मोबदला बाजारानं द्यावा. वीस वर्षं दुसऱ्यांना त्यापासून दूर ठेवण्याचा हक्क त्यातून मिळू नये.

आणि पुरावा देण्याचं ओझं अर्जदारावर असणंच योग्य आहे. अळ्या, पानं, फवारणीचे पेले आणि नोंदवह्या कंपनीकडे असतात. पेटंट परीक्षकाकडे कागद आणि टेबल एवढंच. ज्याच्याकडे प्रयोग आहे त्यानं तो दाखवावा.

पण कसा दाखवावा? तुम्ही कधी अशी प्रतिज्ञापत्रं वाचली असतील, नसतील तर आता वाचा. 'आमचं संयुग अतिशय प्रभावी आहे' या वाक्याला काडीची किंमत नाही. तुलना कुणाशी केली ते पहिल्यांदा पाहा. सगळ्यांत जवळच्या जुन्या संयुगाशी केली, की दूरच्या एखाद्या दुबळ्या संयुगाशी? मग कीड तीच होती का, मात्रा तीच होती का, पानावर लावायची रीत तीच होती का, हे पाहा. अर्ध्या अळ्या मरायला नव्याची किती मात्रा लागली आणि जुन्याची किती? आणि जो फरक दिसला तो त्या काळच्या जाणकाराला चकित करील एवढा आहे, की एका प्रयोगातून दुसऱ्यात सहज पडेल एवढा? दहा किडींवर चाचणी करून ज्या एका किडीवर आकडा बरा आला तेवढीच ओळ कागदावर आणली, असं तर झालं नाही ना?

शेवटच्या प्रश्नाबाबत मात्र सावध राहायला हवं. १९८७ साली चुप यांचं प्रकरण आलं. त्यांचं संयुग तणनाशक होतं, जुन्याच्या अगदी जवळचं. बऱ्याच चाचण्यांत ते साधारणच ठरलं होतं. पण मका आणि सोयाबीनच्या पिकात दोन चिवट तणांना मारून पिकाला सोडण्याचा त्याचा गुण जवळच्या संयुगांपेक्षा निदान पाचपट होता. न्यायालयानं पेटंट मान्य केलं. सगळ्या कसोट्यांवर वरचढ असण्याची गरज नाही. एकाच बाबतीत, पण अनपेक्षितपणे वरचढ असलं तरी पुरे. शेतकऱ्याच्या दृष्टीनं हेच बरोबर आहे. तण मरावं आणि पीक वाचावं, एवढंच तर त्याला हवं असतं.

१९७९च्या पेन प्रकरणाकडे परत पाहताना एक गोष्ट मनातून जात नाही. मिथाइल कार्बामॉइल गट रेणूवर चढवायची ठरलेली वाट म्हणजे मिथाइल आयसोसायनेट. पाच वर्षांनी, २ आणि ३ डिसेंबर १९८४च्या मधल्या रात्री, याच कंपनीच्या भोपाळच्या कारखान्यातून तो वायू सुटणार आहे; तिथे त्यापासून सेव्हिन हे कार्बामेट कीटकनाशक बनत होतं. पेटंटचं न्यायालय नवेपण आणि उघडपण तपासतं. हा पदार्थ कुणाच्या वस्तीशेजारी बनणार, हे विचारण्याचं काम दुसऱ्या संस्थांचं असतं आणि त्या वेळी त्या संस्थांनी ते केलं नाही.

आता भारतात या. इथे तुम्हाला एक विलक्षण मोकळा काळ भेटेल. १९७०चा पेटंट कायदा २० एप्रिल १९७२ला लागू झाला. अन्न आणि औषध यांच्या पदार्थावर पेटंट नाही, मिळालंच तर बनवण्याच्या पद्धतीवर, असं त्यात ठरलं. आणि 'औषध' या शब्दाच्या व्याख्येतच कीटकनाशकं, बुरशीनाशकं, तणनाशकं घातलेली होती. त्यामुळे शेजारच्या संयुगाचा हा वाद आपल्याकडे तीन दशकं उभाच राहिला नाही. जगात कुठे तरी पेटंट असलेलं संयुग वेगळ्या पद्धतीनं बनवून इथले कारखाने विकू शकत होते. ही सोय १ जानेवारी २००५ला संपली, आणि वाद आपल्या दारात आला.

तो समजून घ्यायला आधी १३ ऑगस्ट २००१ या तारखेवर थांबा. अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात ड्युपाँटचे रसायनतज्ज्ञ अँथ्रानिलिक डायमाइड या नव्या वर्गावर काम करताहेत, आणि क्लोरँट्रानिलिप्रोलच्या पेटंटचा अग्रक्रम या तारखेपासून मोजला जाणार आहे. किडीच्या स्नायूंत कॅल्शियमचे साठे असतात. हे संयुग त्या साठ्यांचं दार उघडं ठेवतं. कॅल्शियम वाहून जातं, अळीचं खाणं थांबतं, ती लुळी पडते. माणसाच्या आणि जनावरांच्या स्नायूंतलं तसंच दार याला फारसं दाद देत नाही. जपानमध्ये निहोन नोहयाकु कंपनी थॅलिक डायमाइडवर आधीच काम करत होती, त्यातून पुढे फ्लुबेंडिअमाइड आलं. क्लोरँट्रानिलिप्रोल तुम्ही कोराजन या नावानं ओळखता. उसाच्या खोडकिडीवर, तुरीच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीवर, मक्यातल्या लष्करी अळीवर हे नाव आपल्या कृषी सेवा केंद्रांत रोज घेतलं जातं.

पुढचा मुक्काम दिल्ली, जुलै २०२१. ड्युपाँटचा हा व्यवसाय एव्हाना एफएमसी या कंपनीकडे गेलेला आहे. एफएमसीनं ज्यांच्यावर दावे केले त्या प्रतिवादी कंपन्यांचं म्हणणं असं, की त्याआधीच्या एका व्यापक पेटंटच्या सूत्रात हे संयुग बसतंच, म्हणून ते नवंही नाही आणि उघडही आहे. ७ जुलैला दिल्ली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सी. हरी शंकर यांनी बेस्ट क्रॉप सायन्सविरुद्धच्या दाव्यात एफएमसीला अंतरिम मनाई दिली. अगणित संयुगं पोटात घेणारं सूत्र लिहिणं आणि त्यातलं एक नेमकं संयुग वाचकाच्या हाती देणं, यांत फरक असतो.

तेरा दिवस त्याच शहरात राहा. २० जुलैला त्याच न्यायालयाचं खंडपीठ डापाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या औषधावर निकाल देतं. इथेही आधी व्यापक पेटंट, मग नेमकं पेटंट, मालक एकच. जुन्या पेटंटमधल्या एका उदाहरणात मेथॉक्सी होतं, नव्या औषधात इथॉक्सी आहे. म्हणजे पापेशच्या प्रकरणातला तोच एका कार्बनचा प्रश्न. मालक असलेल्या ॲस्ट्राझेनेका कंपनीला इथे मनाई मिळाली नाही. खंडपीठानं म्हटलं, दोन्ही पेटंटांमागे शोधणारे तेच असतील तर त्यांना सामान्य कुशल माणसाच्या मापानं मोजता येणार नाही, ते आतलं जाणणारे लोक आहेत.

ही कसोटी अनेक वकिलांना कायद्याबाहेरची वाटते, आणि कायद्याच्या शब्दांत ती नाही हे खरंच आहे. कलम २(१)(जेए) फक्त कुशल माणसाबद्दल बोलतं. तरी तिच्या मुळाशी असलेली अस्वस्थता मला रास्त वाटते. पहिल्या अर्जात सगळं शिवार आपल्या नावावर करून घ्यायचं आणि काही वर्षांनी त्यातल्याच एका वाफ्यासाठी नव्यानं वीस वर्षं मागायची, हे दोन्ही एकाच मालकाला सहज मिळू नये. त्यासाठी नवी व्यक्ती कल्पावी लागत नाही. पेनच्या प्रकरणातला नियम कडक लावला तरी पुरतं. तुमच्याच जुन्या पेटंटमधलं सगळ्यांत जवळचं संयुग घ्या, त्याच अळीवर, त्याच मात्रेनं, शेजारी ठेवून दाखवा.

क्लोरँट्रानिलिप्रोलच्या त्या पेटंटची मुदत १३ ऑगस्ट २०२२ला संपली. ही तारीख आपल्या शेतकऱ्याच्या खर्चाच्या वहीत उतरते, म्हणून सांगितली.

आता आजच्या तारखेला परत या, आणि इथे तुमचं काम सुरू होतं. पुढची संयुगं रांगेत आहेत. भारतीय पेटंट कार्यालयाचं नियतकालिक दर शुक्रवारी प्रसिद्ध होतं. अर्ज त्यात छापून आल्यापासून पेटंट मंजूर होईपर्यंत कलम २५(१)खाली कुणीही व्यक्ती लेखी विरोध नोंदवू शकते, आणि संयुग उघड असणं हे त्यातलं एक मान्य कारण आहे. कंपनी असण्याची गरज नाही. कृषी महाविद्यालयातल्या कीटकशास्त्राच्या प्राध्यापकांना, रसायनशास्त्राच्या शिक्षकांना, शेतकरी उत्पादक कंपन्यांना हे करता येतं, आणि मुंबईचं कार्यालय तर अँटॉप हिलला आहे. तुम्ही या क्षेत्रातले असाल तर एखादा अर्ज काढून वाचा. त्यात तुलनेचा तक्ता शोधा. सगळ्यांत जवळचं जुनं संयुग त्या तक्त्यात नसेल, तर ते का नाही हे लेखी विचारा.